वीस निरोगी माणसं आणि मी

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आमच्या प्रयोगशाळेत माझ्याइतका निरोगी माणूस नव्हता! वजन बावन्न किलो. कंबर अशी, की पट्ट्याला घरी खिळ्यानं जादा भोकं पाडावी लागतात. जिना चढताना धाप लागत नाही, कारण मी लिफ्टनं जातो.

आम्ही लिव्हरमधल्या चरबीवर संशोधन करतो. शरीर चरबी कशी बनवतं, कशी जाळतं, आणि जाळायचा कंटाळा आला की ती लिव्हरमध्ये कशी कोंबून ठेवतं, याचा अभ्यास. माझं पीएच.डी.चं हे सहावं वर्ष. "अजून किती?" असं घरात आता कोणी विचारत नाही. नुसतं माझ्याकडे बघून उसासे टाकतात.

सुटकेची वाट एकच होती, ती म्हणजे आमच्या मॅडमनी बनवलेलं यंत्र. पोटावर दांडी टेकवायची, यंत्र घुंऽऽ करतं आणि लिव्हरमधल्या चरबीचा आकडा दाखवतं. शंभर म्हणजे नॉर्मल. पण नॉर्मल म्हणजे नक्की किती, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं.

मॅडम दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर निघताना म्हणाल्या, "वीस निरोगी माणसं शोध. रक्त तपास, लिव्हर मोज, सरासरी यंत्रात भर. एवढं झालं की तुझा प्रबंध मोकळा!"

"झालंच समजा, मॅडम!"

वीस निरोगी माणसं! तुम्ही कधी शोधायला गेलात? पहिल्या दिवशी मला सात जण भेटले. चौघांना शुगर निघाली, दोघं सुई बघून पळाले आणि सातव्यानं स्वतःच्या गोळ्यांची पिशवी माझ्यापुढे ओतून विचारलं, "यातली जेवणाआधीची कुठली हो?"

आणि मग मला सुचलं. निरोगी माणूसच हवा ना? मी काय मेलोय? वीस हवेत? मग वीस वेळा मोजू!

प्रामाणिकपणाची चाड मलाही आहे. म्हणून दर वेळी शर्ट बदलला. अकराव्या वेळी तर भांगही दुसरीकडून पाडला. रक्ततपासणीच्या रकान्यात वीस वेळा 'उत्तम' लिहिलं, सरासरी भरली आणि उरलेले बारा दिवस बिस्किटं खात सामने बघितले.

मॅडम आल्या, आकडे बघितले आणि खुर्चीत बसल्या. "वीस माणसं आणि केसाएवढाही फरक नाही? काय यंत्र आहे रे!"

"यंत्र छानच आहे, मॅडम. माणसंही एकदिलाची होती."

यंत्राचा पहिला पाहुणा म्हणून मी मामाला आणलं. मामा उठला की खुर्ची दोन मिनिटं मोकळा श्वास घेते. डॉक्टरनं त्याला फॅटी लिव्हर सांगून सहा महिने गोड, तळलेलं बंद केलं होतं आणि रोज तासभर चालायला लावलं होतं. यंत्रानं आकडा दाखवला : अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे?" मामानं विचारलं.

"नॉर्मल!" मॅडम म्हणाल्या.

"आणि मी सहा महिने काकडी खाल्ली?" मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो डॉक्टर म्हणजे शुद्ध गाढव आहे!" असं म्हणून तो थेट बेकरीत गेला. चालत नाही, रिक्षानं.

मग आली माझी ताई. रोज सकाळी बारा किलोमीटर पळते. तिचा आकडा एकोणीस! दुसऱ्या दिवशी एक पोहण्याचे शिक्षक आले, त्यांचा एकवीस. मॅडमचे डोळे चमकायला लागले.

"अरे, हा नवाच आजार आहे! यांच्या लिव्हरला चरबी पुरत नाहीये!" संध्याकाळपर्यंत त्याचं बारसंही झालं : 'कोरडं लिव्हर'.

घरी आईनं ताईपुढे लोण्याचा डबा ठेवला. "खा."

"आई, मी ठणठणीत आहे गं!"

"एकोणीस पडलेत तुला, एकोणीस! शाळेतसुद्धा कधी एवढे कमी आणले नव्हतेस."

"आणि याला मोजलंय का कोणी?" ताईनं चमचा माझ्याकडे रोखला.

"मला कशाला मोजायचं? बघितलं की कळतं!"

खरं सांगायचं तर तोवर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण प्रबंध बांधणीला गेला होता, म्हणून मी पालीला गप्प बसवलं. रोज मामाचा फोन यायचा. "आज तीन केक! दोन माझे, एक त्या डॉक्टरच्या नावानं!" तेव्हा मात्र पाल फारच ओरडायची.

शेवटी नवा आजार बघायला संस्थेचे संचालक आले. हे गृहस्थ वाढदिवसाच्या शुभेच्छांनासुद्धा पुरावा मागतात. प्रात्यक्षिकाला मामा येणार होता. त्याचा फोन आला, "पोट एवढं फुगलंय की बूट सापडत नाहीत. पायातच आहेत म्हणे."

"मग तू झोप," मॅडम मला म्हणाल्या.

"मी? मॅडम, शर्ट एकच आणलाय..."

"शर्टाचं काय?"

"काही नाही."

दांडी टेकली. घुंऽऽ. शंभर.

"पुन्हा," संचालक म्हणाले. शंभर. "पुन्हा." शंभर!

मॅडमचा चेहरा आधी फुलला. मग हळूहळू वाळत घातल्यासारखा झाला. "वीस माणसांची सरासरी... आणि तंतोतंत हा एकटा?" त्या माझ्याकडे वळल्या. "ती वीस माणसं कुठली होती रे?"

"जवळचीच, मॅडम."

"किती जवळची?"

मी छताकडे बघितलं. "फारच."

तासाभरात मी रुग्णालयात सोनोग्राफीच्या टेबलावर होतो. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "वय एकोणतीस ना? मग हे लिव्हर कोणाचं घेऊन आलात? खाता काय?"

"बिस्किटं."

"आणि?"

"ती उतरायला कोल्ड्रिंक."

बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे ते. मीच लिहिलंय. वाचलं नव्हतं, एवढंच!

मामाला मीच फोन केला. "मामा, तू नॉर्मल नाहीस. तू माझ्यासारखा आहेस." पलीकडून नुसता चावण्याचा आवाज.

"मामा, तोंडात काय आहे?"

"काऽऽई ना-ई," मामा भरल्या तोंडानं म्हणाला.

आता रोज सकाळी तो आणि मी काकडी खाऊन चालायला जातो. पुढे ताई असते आणि तिच्या हातात शिट्टी असते. प्रबंध बांधणीवरून परत आला. वीस माणसं पुन्हा शोधतोय, या वेळी वेगवेगळ्या चेहऱ्यांची.

मॅडमनी मला हाकललं मात्र नाही. एकाच माणसाला वीस वेळा मोजलं तरी यंत्र तोच आकडा देतं, हे कधीतरी सिद्ध करायचंच होतं. त्यांनी घडलेला प्रकार जसाच्या तसा लिहून शोधनिबंध छापला. लेखकांत माझं नाव नाही, कारण ज्याला मोजलं त्यानंच लिहायचं नसतं म्हणे. मी दुसऱ्या पानावर आहे : 'सहभागी क्रमांक एक. पुरुष, बारीक, लिव्हर चरबीयुक्त.' बाजूला फोटो. लिव्हरचा.

आई ते पान इमारतभर दाखवत फिरते. "आमच्या मुलाचं लिव्हर छापून आलंय!"

शेजारच्या काकूंनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. मग विचारलं, "आणि बाकीचा कधी येणार?"