झाकणावरचा ठिपका

माझ्या हातून चूक होत नाही! हे मी नाही म्हणत, रंगाच्या कारखान्यातल्या माझ्या निरोप समारंभात साहेब म्हणाले होते. चौतीस वर्षं मी रंगाच्या डब्यांच्या झाकणांवर ठिपके दिले. निळ्याला निळा, लालला लाल. झाकण पाहावं आणि डबा उचलावा!

म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हा म्हातारा-म्हातारीला एकाच दिवशी दोन बाटल्या दिल्या, तेव्हा मी निर्धास्त होतो. माझ्या डोळ्यांतला दाब वाढलेला, तो उतरवायचे माझे थेंब. बायकोच्या बुबुळाला सूज, ती उतरवायचे तिचे. बाटल्या अगदी जुळ्या बहिणी! लेबलांवरची अक्षरं मुंगीनेही चष्मा लावून वाचावीत अशी. मी लेबलं सोलून फेकली आणि झाकणांवर ठिपके दिले. माझा निळा, तिचा लाल.

"अहो, ठिपका बाटलीवर द्या ना!"

"अगं, तू मला ठिपके शिकवणार?"

आठवड्याभराने बायको म्हणाली, "माझं औषध दुधासारखं होतं हो. आता नुसतं पाणी येतंय."

"हलवत नाहीस!"

तिने मनगट दुखेपर्यंत हलवलं. पाणी ते पाणीच! माझं पाण्यासारखं औषध मात्र छान पांढरं झालं होतं. म्हटलं, मुरलं असेल.

मग मला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. दाराच्या चौकटी उगाच मध्ये येऊ लागल्या. कपाट कुणी सरकवलं म्हणून मी घरभर ओरडलो. बायकोचा डोळा लाल तो लालच. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी ती, आता सुईच शोधत बसायची. मी आणखी कडक झालो. महिनाभर दोघांचा एकही थेंब चुकू दिला नाही. चुकला असता तर किती बरं झालं असतं!

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांचा दाब दोनदा मोजला. डॉक्टरने दुसऱ्यांदा मोजलं की समजावं, आपलं काही खरं नाही.

"काका, दाब दुप्पट झालाय! थेंब घालता ना?"

"घड्याळ लावून!"

त्यांनी निळ्या ठिपक्याची बाटली तळहातावर पिळली. दूध! त्यांनी कपाळाला हात लावला. "हे काकूंचं. सुजेवरच्या या औषधानं तुमचा दाब आणखी वाढतो. झाकणं बदलली गेलीत, काका!"

तेव्हा आठवलं. एकदा दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या होत्या आणि दाराची बेल वाजली होती. परत येऊन मी घाईघाईत झाकणं लावली होती.

"तुमच्या उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली. ती परत येत नाही. उरलेली जपू. काकूंच्या बुबुळावर डाग पडलाय. थोडा राहीलच."

माझं एक वेळ जाऊ दे, पण हिचा डोळा मी स्वतःच्या हाताने, वेळच्या वेळी बिघडवला होता. मला रडू आलं.

"एवढं कसं लक्षात आलं नाही, काकू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बायकोने माझा उजवा हात धरला. आता ती त्याच बाजूने चालते. म्हणाली, "कसं येणार? यांनी चौतीस वर्षं झाकणं पाहिली. एकही डबा कधी उघडून पाहिला नाही."

खरंच नाही हो पाहिला! आणि आता, लोकांनी भिंतींना काय काय फासलं असेल, या विचाराने माझा दाब पुन्हा चढतोय.