मधल्या बिल्डिंगचं अकरावं मत

निवडणूक मधल्या बिल्डिंगची होती आणि झोप उडाली होती डाव्या-उजव्या बिल्डिंगची.

कारण होतं मागचं गेट. ते उघडं असलं की डाव्या बिल्डिंगला बसस्टॉप दोन मिनिटांवर येई. बंद असलं की चांगला वळसा पडे. उजव्या बिल्डिंगला ते उघडं नको होतं, कारण सगळी ये-जा त्यांच्या बेडरूमच्या खिडक्यांखालून होई. किल्ली मात्र मधल्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडे. उमेदवार दोन, घरं अकरा. पाच घरं उघड्या गेटची, पाच बंद गेटची. उरलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. दुकान बंद करून घरी बसलेले टेलरकाका तिथे राहत.

काकू गेल्यापासून आठ महिने काकांची बेल वाजली नव्हती. ती वाजली तेव्हा शेजारच्यांचीच असेल असं समजून, ते दार कधी उघडतात याची काका वाट बघत बसले.

दारात डाव्या बिल्डिंगचे चेअरमन होते, बँकेतून रिटायर झालेले. त्यांना सगळे साहेब म्हणत.

"सहज आलो," साहेब म्हणाले. हातात पाना होता. "तुमचा नळ गळतो ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माहिती ठेवावी लागते, काका."

दुसऱ्या दिवशी उजव्या बिल्डिंगच्या चेअरमन, मेडिकलवाल्या ताई आल्या. "काल साहेब येऊन गेले म्हणे. काय केलं?"

"नळ बसवला."

"एवढंच?" असं म्हणत ताईंनी पिशवीतून बीपीचं मशीन काढलं.

तीन आठवडे हेच चाललं. पाचला साहेब, सहाला ताई. साहेबांनी पंखे पुसले, ताईंनी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. साहेबांच्या पँटची उसवलेली शिवण काकांनी बोलता बोलता घालून दिली. साडेचारलाच ते दाढी करून, कप धुऊन तयार असत.

एकदा दोघं एकाच वेळी टपकले. काकांनी हातातला पेपर खाली ठेवला. "इथंही तेच छापलंय. मोठे देश लहान देशाच्या निवडणुकीत हात घालतात. त्यांना काय पडलेलं असतं हो?"

"शेजारी कोण खुर्चीवर बसतो त्यावर आपला रस्ता ठरतो," साहेब म्हणाले.

"आपला माणूस नाही आला तरी चालतं," ताई म्हणाल्या. "यांचा येता कामा नये."

"आणि त्या लहान देशाला कुणी विचारतं का?"

"रोज तर विचारतो," साहेब म्हणाले. "साखर किती घालू?"

अडचण एवढीच होती की काकांना मतच नव्हतं. घर काकूंच्या नोकरीवर घेतलेलं, सभासद काकू. नाव बदलायचा अर्ज काकांनी दोनदा लिहायला घेतला होता. 'मयत सभासद' इथपर्यंत आलं की ते पेन बंद करून ठेवत. हे दोघांना सांगायला हवं, असं त्यांना रोज वाटे. पण सांगितलं की उद्या पाचला बेल वाजणार नाही, हेही कळत होतं. मग ते म्हणत, "अजून अर्धा कप घ्या ना."

मतदानात पाच-पाच मतं झाली. डाव्या बिल्डिंगच्या गच्चीत आणि उजव्या बिल्डिंगच्या खिडक्यांत माणसं उभी होती. क्लार्कनं यादीतलं शेवटचं नाव वाचलं. काकूंचं.

आठ महिन्यांनी ते नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं. काका उभे राहिले. "ती नाही आता," ते म्हणाले. "आणि मला मत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. चुकलं माझं."

शेवटी दोन्ही उमेदवारांना सहा-सहा महिने सेक्रेटरी करायचं ठरलं आणि गेटचं एक दार उघडं, एक बंद ठेवलं गेलं. माणूस त्यातून आडवा होऊनच जाऊ शके. त्यामुळे दोन्ही बिल्डिंगा सारख्याच नाराज झाल्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेले. काकांनी स्वतःपुरता चहा टाकला. तेवढ्यात बेल वाजली. साहेब होते, मागे ताई.

"रागावलात?" काकांनी विचारलं.

"रागवायला वेळ कुठाय," साहेब म्हणाले. "मत नसलेल्या माणसामागे तीन आठवडे घालवले म्हणून आमच्या लोकांनी माझ्याविरुद्ध निवडणूक लावलीय. हरलो तर मुलीकडेच राहायला जाईन म्हणतो. जिन्यात जो भेटतो तो हसतोय."

"आमच्याकडची निवडणूक शनिवारी आहे," ताई म्हणाल्या. "मीसुद्धा भावाकडे जायचं बघतेय."

काकांनी चहात पाणी वाढवलं. दोघं उतरून गेल्यावर ते बराच वेळ दाराशी उभे होते.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते साहेबांसाठी मतं मागायला डाव्या बिल्डिंगमध्ये गेले आणि तळमजल्यावरची पहिलीच बेल दाबली. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं.

"मत मागायला आलात? तुमचं स्वतःचं आहे का इथं?"

"माझं माझ्या बिल्डिंगमध्येसुद्धा नाही."

"मग या, बसा. कालपासून दुसऱ्या कशासाठी कुणी आलेलं नाही."

बाईंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. ते फार घोरायचे, असं त्यांनी सांगितलं. काकू झोपेत मोजून तीनदा पांघरूण ओढायच्या, असं काकांनी सांगितलं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चहा दोनदा झाला.

परत निघून अर्ध्या वाटेवर आल्यावर काकांच्या लक्षात आलं, साहेबांचा विषय काढायचा राहूनच गेला. त्यासाठी आता उद्या पुन्हा जावं लागणार होतं.