कुंडीत गाडल्या गेलेल्या निळ्या कुळाची हकीकत

वडील मंडळींची आज्ञा जाहली की, कुंडीच्या मोहिमेचे वर्तमान पदरचा मीठमसाला न घालिता लिहोन ठेवावे. ऐसियास हकीकत येणेप्रमाणे.

दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, काचेच्या टाकीत किलीफिश नामे मत्स्यकुळाचे जोडपे नांदत होते. नर बोटाएवढा, अंगी निळा जामा, त्यावर लाल ठिपक्यांची जर आणि शेपटीस नारिंगी झालर. मादी साध्या करड्या पोशाखाची. या कुळाचा मूळ मुलूख म्हणजे डबकी, ती उन्हाने आटतात, सबब आयुष्य तोकडे. मरण्यापूर्वी अंडी मातीत पुरावी आणि वंशाने तेथेच निजोन पाण्याची वाट पाहावी, ऐसी रीत. टाकीचे धनी विमा कचेरीतील कारकून. त्यांनी टाकीत कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, अंथरिला. जोडप्याने त्यात अंडी दिली आणि मग यथाकाळ उभयतांनी देह ठेविला. कारकूनरावांनी शोक आवरोन भुसा पिळिला, दमटसा पिशवीत बंद केला, आणि जागा उबदार व अंधारी म्हणोन मातोश्रींच्या बागकामाच्या पेटीत दडविला. पिशवीवर चिठ्ठी लाविली नाही. याहून लहान गफलतींनी राज्ये बुडाली आहेत.

मातोश्री आईसाहेब, निवृत्त मुख्याध्यापिका, खिडकीतील फर्नच्या सरसुभेदार. फर्नची मुळे कुंडीत मावेनात, सबब त्यांनी पेटी उघडली, तो आयता भुसा हाती आला; आणि मग नवी कुंडी भरोन, फर्नची स्थापना करोन, चहानंतर पाणी द्यावे ऐसा मनसुबा केला.

संध्याकाळी कारकूनराव कचेरीतून परतले आणि पेटीत डोकावले, तो पिशवी रिकामी. धावत दिवाणखान्यात आले, तो आईसाहेब झारी उचलोन कुंडीवर चाल करोन जाताहेत. पाणी पडते तर अंडी फुटावी, पिल्ले चिखलात गुदमरावी आणि निळ्या जाम्याची दौलत तेथेच खालसा व्हावी, ऐसा बाका प्रसंग!

“आई, थांब! झारी खाली ठेव!”

“का रे? आग लागलीय का कुठं?”

“त्या मातीत माझी पोरं आहेत!”

सूनबाई, पेशाने दंतवैद्य, चहाचा कप घेवोन दारी उभ्या होत्या. “अरे वा! आणि मला पत्ताही नाही?”

मग खलबत बैसले. कारकूनरावांनी गुन्हा कबूल केला. आईसाहेबांनी फर्मावले की, फर्न दुपारी लाविला तो संध्याकाळी उपटणे हा जुलूम. तथापि पोरांचा प्रश्न आहे, सबब परवानगी दिली असे. मात्र फर्नचे एक पान जरी मान टाकिते, तरी टाकी, मासे आणि धनी, तिघांनी गच्चीवर मुक्काम हलवावा. तह मंजूर जाहला. सूनबाईंनी दात खरवडण्याची हत्यारे काढिली आणि मुळांच्या सांदीसांदीतून भुसा ऐसा टिपला की, फर्नने हूं की चूं केले नाही. दवाखान्यात ऐसे रोगी लाभत नाहीत, ऐसा शेराही मारिला.

दुसरे दिवशी कारकूनरावांनी पोटदुखीचा बहाणा करोन कचेरी चुकविली, आणि भुसा पसरट डब्यात घालोन वर पाणी सोडिले. दुपार टळली तरी काही हालेना. कारकूनरावांचे तोंड एवढेसे जाहले. कुळ बुडविले ते आपणच, हे बोल मनास टोचू लागले.

“नुसता काढा झालाय रे,” म्हणोन आईसाहेब चष्मा पुसोन वाकल्या, आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. “अगं बाई! या काढ्याला डोळे फुटले!”

पाहतात तो टाचणीच्या टोकाएवढे डोळे, जोडीजोडीने, पाण्यात सैरावैरा. कारकूनरावांनी डब्यापुढे बैठक मारोन मोजदाद आरंभिली. आईसाहेबांनी मात्र जुना अंमल गाजविला. “ढकलाढकली करायची नाही! सगळ्यांना खायला मिळणार आहे!”

पुढे पिल्ले वाढली, नरांनी निळे जामे चढविले, आणि टाकीचे जुने पाणी खंडणीदाखल फर्नकडे पोचते जाहल्याने त्यासही नवे तुरे फुटले. उभय पक्षांस यश येवोन मोहीम फत्ते जाहली. नव्या अंड्यांची नवी पिशवी हल्ली त्याच पेटीत, उघड हक्काने, मुक्कामास असोन तीवर आईसाहेबांनी स्वहस्ते, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, सनद लिहोन चिकटविली आहे:

“ही माती नाही. मुलं झोपली आहेत. उठवायचं मी सांगेन.”