काटा मधी, वैनी

त्या दिशी मैदानावर कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हनजे मागून कोनी म्हनायला नको की म्हातारी पदरचं सांगती. मी व्हते, माझा चहाचा गाडा व्हता. रंगनाथआबा व्हता, त्याचं पोरगं संतोष व्हतं. शिट्टी मारायला इक्बाल मास्तर व्हते. छावनीची टीम, पडेगावची टीम, आन भिंतीवर बसलेलं अर्धं पडेगाव.

रंगनाथआबा म्हनजे आमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारनारा मानूस. दर साली फुटबॉलच्या टुर्नामेंटची पहिली म्याच छावनी आन पडेगावचीच आसती. दोन्ही टीमा सारख्याच तोलाच्या. सकाळपासून जो तो आबाला इचारतो, आज कोन? आन आबा दर साली एकच सांगतो, "बरोबरी. काटा मधी."

इतक्या सालांत त्याचं एकदाबी खरं झालं नव्हतं.

आबा सगळे म्हनतात, पन माझ्याहून ल्हान हाय. माझ्या मालकाला दादा म्हनायचा, म्हनून मी वैनी. मोंढ्यात मापाडी व्हता. उभी हयात धान्य तोलन्यात गेली. शेतकऱ्याचा दाना मारला नाय, का आडत्याला जास्तीचा दिला नाय. मालक वारले तवा आमच्या घरात चूल पेटत नव्हती. दिवस-कार्य झाल्याबरुबर मी ह्यो गाडा लावला. गाड्यावरचा पहिला चहा आबानं पेला. साखर टाकायची राह्यली व्हती. ग्लास रिकामा केला आन म्हनला, "काटा मधी, वैनी." गोडबी नाय, कडूबी नाय, आसं त्याला म्हनायचं आसंल.

म्हातारपनी मोंढा सुटला, पन तोलायची खोड सुटली नाय. म्याचच्या सकाळी माझ्याच गाड्यावर त्याचा काटा चालतो. दोन ग्लास मांडायचे. ह्यो छावनी, ह्यो पडेगाव. मंग एकेक खारी उचलायची.

"छावनीचा गोली उंच हाय. टाका एक. पन वाकायचं म्हनलं की त्याच्या जिवावर येतं. काढा अर्धी. पडेगावचा कप्तान घोड्यावानी पळतो. टाका एक. पन पळताना बॉल मागंच ऱ्हातो."

पोरं फिदीफिदी हासतात. एकदा एका गड्यानं सगळी छावनी चहात बुडवून खाऊन टाकली. आबा म्हनला, "पोटात गेली म्हनून वजन कमी व्हतं का रे?"

सरतेशेवटी पडेगावकडं एखादी खारी जास्ती निघायचीच. ती संतोषच्या नावाची. आबा तिच्याकडं बघत ऱ्हायचा आन मंग सोताच मोडायचा. "माझं पोरगं हाय, मला ठावं. गोल समोर दिसला की हातपाय गाळतं. काढा अर्धी. झाला काटा मधी."

सोताच्या पोराचं वजन कमी करनारा बाप मी तरी दुसरा पाह्यला नाय. एका साली छावनीनं पाच गोल चढवले. सांजच्याला आबा गाड्यावर आला आन म्हनला, "औंदा काटा जरासा हालला, वैनी."

आता ह्याच्यामागचं इंगित सांगते. संतोष चाकनला कंपनीत हाय. आई गेल्यापून घरी त्याचं येनं जानं तुटलं. भांडन नाय, तंटा नाय. घरात शिरलं की दोघं बाप-लेक भिंतीकडं बघत बसतात, म्हनून बसायचंच टाळतो. पन पहिल्या म्याचला टीमवाले बोलवतात तवा येतो. सकाळी थेट मैदानावर, म्याच झाली की थेट ष्ट्यांडवर. जिंकला तरी गाडी, हरला तरी गाडी. फकस्त आमच्याकडं कायदा आसा, की म्याच बरोबरीत सुटली तर दुसऱ्या दिशी सकाळी परत खेळायची. म्हनजे रातीला घरी ऱ्हावंच लागतं.

आबा मला ह्यातलं काय बोलला नाय. पन म्याचच्या सकाळी तो दर साली एक पिशवी आनून गाड्याच्या खिळ्याला आडकवतो. वांगी, कोथमीर, वल्ल्या मिर्च्या. दोघांपुरतं. सांजच्याला संतोष रिक्षात बसला की म्हनतो, "तुमीच न्या वैनी, मला येकल्याला काय करायचं." मी नेते आन रांधते. इचारत नाय.

औंदा पहिल्यांदा काटा मधी आला. एक-एक गोल, आन शेवटची शिट्टी. आबानं हातातलं चुन्याचं घमेलं खाली ठिवलं. येवढा सरळ उभा ऱ्हायलेला मी त्याला मोंढ्यातबी पाह्यला नव्हता.

तेवढ्यात भोंग्यावर बोलले, की औंदापून नवा नियम हाय. उद्याची भानगड नाय, आत्ताच पेनल्ट्या मारायच्या.

आबा खिळ्यावरच्या पिशवीकडं बघाया लागला.

इक्बाल मास्तर म्हनले, "आबा, पेनल्टी का निशान मिट गया. जरा चुना मारो जी."

आबा दोरी घेऊन गेला. गोलाच्या रेघेपून माप घेतलं, चुना टाकला. मागं सरला, पाह्यलं, आन पायानं पुसून टाकला. "चुकलं." परत दोरी लावली. परत पुसलं. भिंतीवरून एकजन वरडला, "आबा, सातबारा काढताय का?" दुसरा म्हनला, "मोंढ्यात आसाच तोलत व्हता व्हय, तरीच भाव पडले." सगळे हासले. मी हासले नाय. ज्या हातानं हयातभर काटा हालू दिला नाय, त्यो हात जानून चुकत व्हता. दौलताबादच्या डोंगरामागं ऊन उतरत व्हतं.

पहिली किक संतोषची व्हती. बॉल घेऊन तो उभाच व्हता. बापाकडं पाह्यलं, डोंगराकडं पाह्यलं. आता चिडतंय, मला वाटलं. त्याच्या गाडीची येळ झाली व्हती. त्यानं बॉल खाली ठिवला आन दोरीचं दुसरं टोक धरलं.

"आबा," म्हनला, "ह्ये डावीकडं सरकलंय. परत घ्या."

आबानं वर पाह्यलं. मंग खाली बघून म्हनला, "व्हय. मलाबी तसंच वाटतंय."

बाप-लेकानं मिळून मोजलं, पुसलं, आन परत मोजलं. मधी घमेलं सांडलं. कुनाच्या पायानं, मी पाह्यलं नाय.

इक्बाल मास्तरनं आभाळाकडं पाह्यलं, दोघांकडं पाह्यलं. म्हनले, "बॉलच दिसंना. अब सुबह देखेंगे." मास्तरलाबी पोरं हायत.

आबा पिशवी काढाया आला. मी म्हनलं, "वांगी मऊ पडली आसतील दिसभरात."

"चालतंय," म्हनला.

मागून संतोष म्हनला, "भाकरी मी थापतो. तुमच्या लई जाड व्हतात." गेले दोघं. रेघा मारताना काढलेली आबाची चप्पल इथंच ऱ्हायली.

सकाळी संतोषनं पेनल्टी गोलाच्या वरून मारली. पडेगाव हरलं. पहिली टाळी आबानं वाजवली, आन लोकांनी त्याला शिव्या दिल्या.

आता ऐकते, पुढल्या सालापून मैदानावर मोठाले दिवे लावनार हायत, अंधारातबी खेळता यावं म्हनून. ह्ये वाचनाऱ्याची कमिटीत कुनाशी वळख आसंल तर माझं येवढं सांगा. दिवे लावा, पन पहिल्या म्याचला तेवढे बंद ठिवा.