रस्त्याला सोडायला

त्या खोऱ्यात थंडी पडली की रस्ता गुंडाळून घरात आणतात. बाहेर राहिला तर त्याला तडे जातात. म्हणून पहिला बर्फ पडायच्या आत आंगदुई नावाचा त्याचा राखणदार तो उचलतो, झटकतो आणि शेगडीशेजारी रजई घालून ठेवतो.

वृंदाताई होनराव तिथे पोचल्या तेव्हा रस्त्याचा नुकताच डोळा लागला होता. वृंदाताई सांगलीच्या. दुधाची जुनी व्हॅन विकत घेऊन, तिच्यात गादी आणि गॅस बसवून ऐन जानेवारीत एकट्या निघालेल्या. कारण साधं होतं. जन्मभर त्यांना कोणी ना कोणी सोडायला आलं होतं. कॉलेजात वडील, बँकेत नवरा आणि आता भाजीला मुलगा. ‘आई, थांब, मी सोडतो,’ हे ऐकून त्यांचे कान किटले होते. एकदा तरी कोणी न सोडता कुठंतरी पोचायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी खोऱ्यातलं अगदी शेवटचं गाव निवडलं होतं. आता एवढा एक चढ उरला होता.

“रस्ता देतो,” आंगदुई म्हणाला. “पण मी सोडायला येणार.”

“अजिबात नाही.”

“ताई, आमच्यात पाहुण्याला एकटं पाठवत नाहीत.”

“आमच्यातही नाही पाठवत. म्हणून तर इतक्या लांब आले.”

आंगदुईला हे पटलं. त्याने रस्त्याला हलवून उठवलं आणि व्हॅनमध्ये आणून ठेवलं.

“थंडीत आखडून एवढाच होतो,” तो म्हणाला. “पुढे पसरायचा, वरून जायचं, मागून गुंडाळून परत पुढे. घडी मात्र घालू नका.”

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग हात गारठले आणि वृंदाताईंनी सवयीने रस्त्याची गोधडीसारखी चौघडी घातली. पुन्हा पसरला तर सपाट माळावर तीन वळणांचा घाट झालेला. तो पार करता करता ऊन कललं. वृंदाताईंनी रस्त्याची माफी मागितली. त्याने फारसं मनावर घेतलं नाही.

शेवटच्या गावात यांगचेन आजी दारातच उभी होती.

“कोण आलं सोडायला?”

“कोणी नाही! एकटी आले मी!” वृंदाताईंना इतका आनंद झाला होता की त्यांचे डोळे भरून आले.

आजीने व्हॅनच्या मागे पाहिलं. रस्ता कुडकुडत होता.

“आणि हा?”

“हा रस्ता आहे.”

“तोच म्हणते मी. इतक्या वर सोडायला आला बिचारा.”

वृंदाताईंचा चेहरा पडला. चहा घेऊन त्या झोपल्या. आजीने रस्त्याला शेगडीजवळ घेतलं.

सकाळी आजी म्हणाली, “आंगदुई काळजी करत असेल. याला परत पाठवायला हवं.”

“मग जाऊ दे की!”

“एकटा? या थंडीत?”

रस्ता रजईत मुटकुळं करून पडला होता. वृंदाताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी व्हॅनची किल्ली घेतली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मी सोडते त्याला.”

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. ते त्यांना इतकं आवडलं की व्हॅनपुढे रस्ता पसरताना त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.