पांढऱ्या अक्षरांतल्या टिपा

लांबलचक फाइलमध्ये हरवलेली ओळ शोधावी तर ती मीच! ऑफिसात माझी तशी ख्यातीच आहे. म्हणूनच सासऱ्यांचं आत्मचरित्र टाइप करायचं काम मी छाती फुगवून अंगावर घेतलं.

सासरे पूल बांधणारे इंजिनिअर. नोकरीतून निवृत्त झाले, बोलण्यातून नाही! ते सांगत, मी टाइप करी आणि मधूनमधून स्वतःसाठी टिपा टाकी. 'हा पूर मागच्या प्रकरणात येऊन गेला.' 'सासूबाईंना विचारणे, खरंच का?' कुणाला दिसू नयेत म्हणून त्या पांढऱ्या अक्षरांत. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं! छपाईआधी पुसल्या की झालं.

रविवारी दुपारी बायकोचा माहेरून फोन. "अहो, तुम्ही पाठवलेली फाइल मी बाबांना वाचून दाखवतेय."

"वाच की!"

"डोळ्यांच्या ऑपरेशनपासून बाबांची स्क्रीन काळी असते, अक्षरं पांढरी. पण मधे मधे हे काय लिहिलंय?"

बाबा म्हणजे जमदग्नी! एका भाच्याशी एवढ्यातेवढ्यावरून बोलणं टाकलंय त्यांनी. "थांब! ती जुनी फाइल! नवी पाठवतो!"

टिपा शोधायला बसलो. पहिल्या टिपेआधी मी 'टीप' लिहिलं होतं, मग कंटाळलो असणार. पुढे कुठे फुली, कुठे दोन फुल्या, कुठे काहीच नाही! शेवटी सगळा मजकूर निवडून काळा केला. टिपा दिसल्या, पण आता सासरे कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होतो तेच कळेना! 'छे, हे अशक्य!' ही ओळ उडवली, तर ती पुलाच्या कंत्राटदाराची निघाली. फोन लावला, कुणी उचलेना. चप्पल अडकवली आणि सासरवाडीकडे धूम ठोकली.

दार सासूबाईंनी उघडलं. पदराने डोळे पुसत होत्या! संपलं, म्हटलं. घर फोडलं मी.

"आई, माझं चुकलं..."

"अहो, हसून हसून पाणी आलं डोळ्यांत! 'खरंच का' म्हणे! नाहीच मुळी खरं!"

आत सासरे खुर्चीत गदागदा हसत होते. "या जावईबापू! पूर खरंच दोनदा आलाय हो! वाच गं पुढचं."

माझा जीव भांड्यात पडला. बायको वाचू लागली, "'सासऱ्यांचा हा हट्टीपणा पुढे मुलीत जसाच्या तसा उतरला. पुरावा: कालचं भांडण.'"

सासऱ्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. "शंभर टक्के बरोबर! ही टीप पुस्तकात राहू दे!"

बायकोने लॅपटॉप शांतपणे मिटला.

सासऱ्यांनी मला मोठ्या मनाने माफ केलं हो! पण मी राहतो त्यांच्या मुलीबरोबर.