बरणीखालचं कार्ड

आमच्या फणसवाडीच्या चाळीत दिवाळी जवळ आली की पहिला वास यायचा तो चकलीचा नव्हे, अण्णा वेलकरांच्या खोलीतल्या सरेसाचा. सरेस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा डिंक! ऐन फराळाच्या दिवसांत हे गृहस्थ तो ग्लिसरीन घालून शिजवणार आणि पितळी परातीत ओतून थिजवणार. "अहो, निदान दार तरी लोटा!" असं वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, की म्हणायचे, "रंग उचलायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही हो."

त्या लिबलिबीत थरावर रंग फासायचा, वर पपईचं पान दाबायचं, मग कागद ठेवून अलगद उचलायचा. त्यावर कापलेल्या भेंडीचे शिक्के. एवढ्या खटाटोपानंतर कार्डाच्या मधे शब्द दोनच, शुभ दीपावली. "कोरा कागद उघडा दिसतो, वहिनी," हे त्यांचं माझ्यापाशी पालुपद.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची पत्रकं परातीवर काढून द्या म्हणून चाळीतली पोरं त्यांच्याकडे गेली, तर अण्णांनी घोषणांच्या मागेही भेंडीची फुलं उठवली. सभा कुठे आणि किती वाजता, हे कुणाच्या बापाला वाचता येईना. पोरांनी कपाळावर हात मारला. अण्णा मात्र खूश. "फुकट वाटलेला कागद माणूस फेकून देतो. सुंदर असला तर ठेवतो!"

हे ठेवणं त्यांना फार मोलाचं वाटायचं. दिवाळीला घरोघर कार्ड द्यायचे आणि मग वर्षभर जिन्यात भेटले की एकच प्रश्न, "ठेवलंत ना?"

एकदा ते विरजण मागायला आले. आल्या आल्या तेच. मीही मेली मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "म्हणजे काय! कपाटात, साडीच्या घडीत जपून ठेवलंय." आणि विरजणाचं भांडं काढायला फळीवरची लोणच्याची बरणी उचलली. बुडाला चिकटलेलं कार्ड सुटलं आणि अण्णांच्या पायाशी पडलं.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. खोटं तरी कशाला बोलले! अण्णांनी कार्ड उचललं, उजेडात धरलं. "तेल लागलं तरी रंग उतरला नाही हं," म्हणाले, आणि विरजण न घेताच गेले.

वाटी घेऊन मी मागोमाग गेले. त्यांच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधलेली, तिला ओळीने लाकडी चिमटे.

"इथे काय वाळत घालता, अण्णा?"

"वाळत नाही हो. आलेली कार्डं लावायला."

एकाही चिमट्यात काही नव्हतं. माफी मागायला गेलेली मी, "विरजण आंबट आहे हं, थोडंच लावा," एवढंच बोलून परत फिरले. जिना चढताना डोळे भरून आले. यंदा अण्णांना आपल्या हातचं कार्ड द्यायचं, असं तिथेच ठरवून टाकलं.

पाडव्याला अण्णा आले, ते दोन कार्डं घेऊन. "हे एक ठेवायला," म्हणाले, "आणि हे जाड कागदावर काढलंय. बरणीखाली टिकेल." टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी ते खरंच बरणीच्या बुडाएवढं गोल कापून आणलं होतं.

मी फराळाची ताटली पुढे केली. कार्ड करायचं माझं राहूनच गेलं होतं.